चुकीचे वाचन असते

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत एक विधान आता इतक्या वेळा ऐकू येते की त्याला ईशस्तवनाची कळा आली आहे. संहितेला स्वतःचा असा अर्थ नसतो, अर्थ वाचक घडवतो, सबब सर्व वाचने सारखीच ग्राह्य, असे ते विधान. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांवर पुष्कळ बोलता येईल. तिसरी पायरी मात्र उडी मारूनच गाठलेली असते. अलीकडे या विधानाला एक शेपूटही फुटले आहे. विज्ञान हेही अखेर एक आख्यानच, वैज्ञानिकही निसर्गाचे 'वाचन'च करतात, आणि त्यांच्यातही एकवाक्यता नसतेच, असे सांगून वक्ते पृथ्वीवरील आद्यजीवांच्या शोधाचा दाखला देतात. एकाच खडकात एका पंडिताला जीवाश्म दिसतात, दुसऱ्याला नुसती खनिजे. मग खरा कोण? दोघेही, किंवा कोणीच नाही, असे म्हणून पाण्याचा पेला उचलला जातो आणि अध्यक्षीय समारोपाकडे गाडी वळते.

दाखला उत्तम आहे. फक्त तो नेमकी उलट गोष्ट सिद्ध करतो, एवढेच आम्हांला या लेखात म्हणायचे आहे. आम्ही मराठीचे अध्यापक; भूशास्त्रावर आमचा काडीचाही अधिकार नाही. पण या वादांचा इतिहास वाचताना आपल्याच घरातली, माळ्यावर टाकून दिलेली अवजारे दुसऱ्याच्या हातात लखलखताना पाहावीत तसे आम्हांला झाले.

प्रथम अडचण समजून घेऊ. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हाडे, कवच, दात असलेले प्राणी या प्रदीर्घ कालपटाच्या अगदी शेवटच्या भागात येतात. त्याआधीचे जीव बहुतांशी सूक्ष्म आणि मऊ, म्हणजे मागे काही न ठेवणारे. शिवाय तीनशेहून अधिक कोटी वर्षांचे खडक मुळात उरलेतच थोडे. ग्रीनलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी त्यांचे तुकडे सापडतात. जे उरले तेही दाबले, तापले, चुरगळले गेलेले. अशा खडकात जीवाची खूण शोधायची तर हाती तीन गोष्टी असतात: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे आकार, सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे लहानमोठे घुमट, आणि कार्बन. सजीव कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांपैकी हलका अधिक पसंत करतात, म्हणून हलक्या कार्बनचे आधिक्य ही जीवाची सही मानतात. दुर्दैव असे की या तिन्ही गोष्टींची नक्कल निर्जीव निसर्गही करू शकतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हस्तलिखित एकच, तेही जळके, आणि लेखनिकाच्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल वाळवीला येते!

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला वाद पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशाचा. तेथील एपेक्स चर्ट नावाच्या, सुमारे ३४६.५ कोटी वर्षे जुन्या गारेसारख्या खडकात सूक्ष्म तंतू सापडल्याचे अमेरिकेतील विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले. तंतूंचे त्यांनी अकरा प्रकार पाडले, त्यांना लॅटिन नावे दिली, काहींचे साम्य प्राणवायू सोडणाऱ्या सायनोबॅक्टेरियांशी असल्याचे सुचवले. पुढची नऊ वर्षे ही छायाचित्रे पाठ्यपुस्तकांतून आद्यजीवांची म्हणून मिरवली. याच शॉफ यांना अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने ७ ऑगस्ट १९९६ च्या पत्रकार परिषदेत, मंगळावरून आलेल्या अशनीत जीवाश्म असल्याच्या दाव्यावर शंका घेण्यासाठी मुद्दाम बसवले होते. दावा जितका असाधारण तितका पुरावा असाधारण हवा, हा दंडक त्यांनी तेथे सांगितला. हा तपशील ध्यानात ठेवावा.

खडकाचे पातळ काप लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेले होते. ऑक्सफर्डचे मार्टिन ब्रेझियर यांनी ते काढले आणि पुन्हा पाहिले. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत, कारण ब्रेझियर यांनी केले ते सगळे आपल्या ओळखीचे आहे. छापील छायाचित्रात एखादा तंतू सरळ, खंडाखंडांचा, अळीसारखा दिसत होता. सूक्ष्मदर्शकाची खोली वरखाली केल्यावर तोच तंतू फाटे फोडताना, स्फटिकांच्या कडांभोवती वळसे घेताना दिसू लागला. म्हणजे उतारा मागचापुढचा मजकूर वगळून छापलेला होता! मग ते खडकाच्या मूळ जागी गेले. शॉफ यांच्या मांडणीत तो खडक उथळ पाण्यात साचलेल्या गाळाचा होता. ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी जागेचा बारीक नकाशा काढला, तेव्हा नमुना गाळाच्या थरातला नसून जमिनीखालून वर चढलेल्या अत्युष्ण द्रवाने भरलेल्या भेगेतला असल्याचे त्यांना आढळले. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांचे तेथे काय काम? संदर्भ सुटला की वाक्याचा अर्थ बदलतो, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. ब्रेझियर यांनी ते खडकाबाबत दाखवले.

मार्च २००२ च्या 'नेचर'च्या एकाच अंकात ब्रेझियर यांचा आक्षेप आणि शॉफ यांचा नवा निबंध शेजारीशेजारी आले. तंतू कार्बनी द्रव्याचेच आहेत, असे शॉफ यांनी रामन वर्णपटाच्या आधारे दाखवले होते. (रामन यांचे नाव या वादात पदोपदी येते, 'विज्ञानही आख्यानच' म्हणणाऱ्यांना ते कधी सापडलेले दिसत नाही.) एप्रिलमध्ये दोघे एका परिषदेत समोरासमोर उभे राहिले. ब्रेझियर २०१४ च्या अखेरीस वारले. २०१५ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे तंतू म्हणजे अभ्रकवर्गीय खनिजांचे गाठाळ दोरे असून त्यांवर कार्बन नंतर येऊन चिकटला आहे, असे कितीतरी सूक्ष्म पातळीवर मांडलेले आहे. शॉफ यांनीही हार मानली नाही. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी व सहकाऱ्यांनी एकेका तंतूतील कार्बनचे समस्थानिक मोजून वेगवेगळ्या प्रकारांत वेगवेगळे आणि जीवसृष्टीला साजेसे आकडे मिळाल्याचे प्रसिद्ध केले.

म्हणजे वाद मिटलेला नाही. आमचे मित्र येथे टाळी वाजवतील. त्यांनी जरा थांबावे. न मिटलेल्या वादात काय काय मिटले, ते पाहावे. प्राणवायू सोडणाऱ्या सायनोबॅक्टेरियांची गोष्ट शॉफ यांच्या २०१७ च्या मांडणीत उरलेली नाही. तेथे मिथेन तयार करणारे, मिथेनवर जगणारे आणि प्राणवायू न सोडता प्रकाशसंश्लेषण करणारे जीव आहेत. केवळ आकारावरून निर्णय देण्याची रीत मागे पडली. दोन्ही बाजूंची विधाने १९९३ च्या मानाने अधिक अरुंद, अधिक तपासण्याजोगी झाली. आपल्याकडे एखाद्या कवितेवरचा वाद पंचवीस वर्षे चालतो तेव्हा त्यातली विधाने अरुंद होतात की फुगत जातात, याचा प्रामाणिक हिशेब ज्याने त्याने मांडावा.

काही वादांचा निकाल मात्र लागतो, आणि तो स्वच्छ लागतो. कॅनडातील एका प्राचीन संगमरवरी खडकातले हिरवेपांढरे पट्टे म्हणजे एका प्रचंड एकपेशीय जीवाचे अवशेष, असे मॉन्ट्रियलचे विल्यम डॉसन यांनी १८६५ च्या सुमारास ठरवले आणि त्याला 'एओझून', म्हणजे पहाटेचा प्राणी, असे काव्यमय नाव दिले. डार्विन यांना तो आनंदाने हवा होता; कॅम्ब्रियनपूर्व खडकांत जीवाश्म का नाहीत, हा त्यांच्या उपपत्तीला टोचणारा काटा होता. खुद्द डॉसन डार्विनचे विरोधक! आयर्लंडमधील किंग आणि रॉनी या दोघांनी १८६६ मध्येच हे खनिजांचे पट्टे असल्याचे बजावले होते, पण वाद चालू राहिला. १८९४ मध्ये तसेच पट्टे व्हेसुव्हियस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडीच्या दगडांत दाखवण्यात आले. तापलेल्या चुनखडीत ते आपोआप होतात, जीवाची गरज लागत नाही. डॉसन १८९९ मध्ये वारले, ते शेवटपर्यंत आपल्या वाचनावर ठाम होते. त्यांच्या ठामपणाने दगडात काही फरक पडला नाही.

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. भोपाळजवळच्या भीमबेटका येथील शैलाश्रय विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणले. तेथल्या एका गुहेच्या छताजवळ पानासारखी, शिरा असलेली एक आकृती काही भूवैज्ञानिकांना दिसली, आणि २०२१ मध्ये ती सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या अतिप्राचीन प्राण्याची असल्याचे प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांना उधाण आले. दावा खरा असता तर केवळ एक जीवाश्म मिळाला नसता, वरच्या विंध्य खडकांच्या वयाचा दीर्घकाळ चाललेला तंटाही एका बाजूला झुकला असता. दुसरा गट गुहेत गेला, त्याने आकृती जवळून पाहिली. ती खडकात नव्हती, खडकावर होती. झडत चालली होती, सोलपटत होती. ते आग्या मधमाश्यांचे जुने पोळे होते. २०२३ मध्ये हे छापून आले, आणि मूळ दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ते मान्य केले.

आता आमच्या सैद्धांतिक मित्रांनी सांगावे: पोळे आणि प्राणी ही दोन 'पर्यायी वाचने' आहेत काय? दुसरे वाचन पहिल्यापेक्षा अधिक 'वर्चस्ववादी' होते म्हणून जिंकले काय? ते जिंकले, कारण दुसऱ्या गटाने संहितेला हात लावला.

ग्रीनलंडमधील इसुआची कथा इतकी विनोदी नाही, पण अधिक बोधप्रद आहे. बर्फाचा एक जुना थर वितळल्यावर उघड्या पडलेल्या ३७० कोटी वर्षे जुन्या खडकात एक ते चार सेंटीमीटर उंचीचे शंकू दिसले. ॲलन नटमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते स्ट्रोमॅटोलाइट म्हणून जाहीर केले. दोन वर्षांनी ॲबिगेल ऑलवुड यांनी उत्तर दिले. या बाई आद्यजीवांच्या विरोधक नव्हेत. पिलबारातील ३४३ कोटी वर्षे जुन्या स्ट्रेली पूलच्या स्ट्रोमॅटोलाइटांची बाजू २००६ मध्ये त्यांनीच भक्कम केली होती. इसुआचे शंकू त्यांनी दर्शनी बाजूवरून न पाहता तिन्ही मितींत पाहिले. समोरून जो शंकू, तो आत लांबच लांब वरंबा निघाला, आणि त्या वरंब्याची दिशा खडक ज्या दिशेने ताणला गेला तीच. शिवाय काही शंकूंची टोके उलट्या दिशेला होती. सूक्ष्मजीव समुद्रतळाखालच्या दिशेने घुमट बांधत नाहीत. नटमन यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रत्युत्तर दिले आहे आणि त्यांना ते देण्याचा अधिकार आहे. पण ते प्रत्युत्तरही तिसऱ्या मितीला टाळून देता येत नाही. एकाच पृष्ठभागाचे देखणे छायाचित्र आता कोणालाच पुरणार नाही.

याहून आम्हांला चकित करणारे प्रकरण प्रक्षेपांचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील झिरकॉनचे कण पृथ्वीवरील सर्वांत जुन्या खनिजांपैकी. त्यांतल्या काहींत हिरे सापडल्याचे २००७ मध्ये छापून आले आणि आदिम पृथ्वीविषयी मोठमोठ्या उपपत्ती रचल्या गेल्या. २०१४ मध्ये उलगडा झाला की ते हिरे नमुन्याला झिलई देण्यासाठी वापरलेल्या हिऱ्याच्या भुकटीतले होते. वाचकाच्या हातची पूड संहितेत राहिली आणि तीच संहिता म्हणून वाचली गेली! वाचक अर्थ घडवतो, या सूत्राचे यापेक्षा शब्दशः उदाहरण मिळणे कठीण. फक्त त्याला तिकडे दूषण म्हणतात आणि ते धुऊन काढतात. तसेच योखेन ब्रॉक्स यांचे. पिलबारातील २७० कोटी वर्षे जुन्या खडकांत केंद्रक असलेल्या पेशींच्या मेदद्रव्याचे रेणू मिळाल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले होते. २००८ मध्ये ते रेणू खडकात मागाहून शिरले असावेत असे दाखवणाऱ्या निबंधाच्या लेखकांत स्वतः ब्रॉक्स होते. २०१५ मध्ये अत्यंत स्वच्छतेने काढलेल्या नव्या गाभ्यांत ते रेणू सापडले नाहीत, असे सांगणाऱ्यांतही होते. स्वतःचे गाजलेले वाचन स्वतः मोडीत काढणारा मराठी समीक्षक आठवून पाहावा. आम्ही बराच वेळ आठवत होतो.

विरुद्ध बाजूत तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. ब्रेझियर यांचा दंडक असा की सर्व संभाव्य निर्जीव कारणे बाद होईपर्यंत आकृती निर्जीवच मानावी. हा निवडलेला नियम आहे; खडकावर तो कोरलेला नव्हता. तो काटेकोर पाळला तर एखादा खरा जीवाश्मही कायमचा दाराबाहेर राहील, ही तक्रार वाजवी आहे. 'सर्वांत जुने' या शब्दाला पैसा, प्रतिष्ठा आणि मुखपृष्ठ मिळते, त्यामुळे दाव्यांची आवक वाढते, हेही खरे. पण नियम कडक का झाला ते पाहा. ग्रनाडाचे गार्सिया-रुइझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सिलिका आणि बेरियम कार्बोनेट यांपासून प्रयोगशाळेत जीवाश्मांसारखे वळणदार तंतू वाढवून दाखवले. क्वेबेकमधील किमान ३७७ कोटी वर्षे जुन्या खडकातील लोहाच्या नळ्या २०१७ मध्ये जीवांच्या म्हणून आल्या; त्यांच्यासारख्या नळ्या रासायनिक अभिक्रियेतूनही होतात, हे २०१९ मध्ये मांडले गेले. पुराव्याचा भार दावेदारावर टाकणारा नियम कोणाच्या लहरीतून आला नाही. भांड्यात वाढलेल्या निर्जीव तंतूंनी तो भाग पाडला. नियम मानवी आहे एवढ्यावरून तो मनमानी ठरत नाही. व्याकरणही मानवीच आहे.

खरे दुःख हे की असा विवेक आपल्याला परका नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा काही पाठ अशुद्ध असतात हे त्यांनी गृहीत धरले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखिते ताडून, प्रिय श्लोकही प्रक्षिप्त ठरवून तळटीपेत पाठवण्याचे धैर्य तीत आहे. अक्षीच्या शिलालेखातील शकाचे आकडे कसे वाचावेत, यावर आपल्याकडे वाद झाले, आणि ते करणाऱ्यांना अक्षरांची झीज, वळण, कोरीव काम यांविषयी बोलावे लागले. दगड वाचणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. 'ध' चा 'मा' झाला तर माणूस मरतो, ही कथा ज्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे, त्या भाषेच्या विभागांत सर्व पाठ समान असल्याचे शिकवले जावे, याला काय म्हणावे?

आणि याचे परिणाम चर्चासत्राच्या भिंतीआड राहत नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्यामागच्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ मध्येच केली होती. त्यांनी यंत्रांची गणिते तर तपासलीच. शिवाय ग्रंथाची भाषा, त्याच्या प्रती, तो सांगणाऱ्याचे चरित्र हे सारे पाहून ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचा निष्कर्ष काढला. हे काम अभियंत्यांनी केले. ते आपले होते. २०१५ मध्ये कोणी मराठीच्या प्राध्यापकाला विचारले असते की हा ग्रंथ प्राचीन आहे का, तर 'ते तुम्ही कसे वाचता यावर अवलंबून आहे' या उत्तराने विमान आणखी दोन हात वर गेले असते.

एम.ए.च्या प्रबंधिकांच्या तोंडी परीक्षांत आम्ही अलीकडे एकच प्रश्न विचारतो: तुमचे हे वाचन चुकीचे ठरवायचे असेल तर संहितेत काय सापडावे लागेल? बहुतेक विद्यार्थी गोंधळतात, काही मार्गदर्शक चिडतात. एका ठिकाणी आमच्या सहपरीक्षकांनी हा प्रश्न विज्ञानशाखेचा असून साहित्याला लागू नाही, असे सुनावले. आमचे त्यांना उत्तर असे की शॉफ यांना हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा ते म्हणू शकले असते की हे माझे वाचन आहे. ते तसे म्हणाले नाहीत. ते पुन्हा त्याच दगडाकडे गेले आणि एकेका तंतूतला कार्बन मोजू लागले. चोवीस वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर.